ढगात शिरण्यापूर्वीची काही मिनिटे : कुन्नूरचा हेलिकॉप्टर अपघात आणि त्याची कारणे

उपनगरकर

नमस्कार मंडळी,

८ डिसेंबर २०२१ रोजी तामिळनाडूतील कुन्नूरजवळ वायुदलाचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळले. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी मधुलिका रावत आणि इतर अकरा जण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. एकटे वाचलेले ग्रुप कॅप्टन वरुण सिंह यांचेही १५ डिसेंबरला बंगळुरूच्या रुग्णालयात निधन झाले. तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष १४ जानेवारी २०२२ रोजी जाहीर झाले. यांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा या तिन्ही शक्यता त्यात फेटाळल्या होत्या. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे स्थितिभान (आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेला, किती कललेलो आहोत याची जाणीव) हरपले आणि यंत्र ठणठणीत असताना ते डोंगरावर जाऊन आदळले, असा त्याचा सारांश होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातील वायुदलाच्या ३४ अपघातांची माहिती आली आणि या अपघातापुढे कारण म्हणून हवाई कर्मचाऱ्यांची मानवी चूक एवढीच नोंद होती.

तेव्हापासून या विषयावरची चर्चा दोन टोकांना चालते. एक बाजू म्हणते की हवामानापुढे कोणाचे काय चालणार. दुसरी म्हणते की वैमानिक चुकला, विषय संपला. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ढगात शिरल्यानंतर काय घडले हे आता बरेचसे ठाऊक झालेले आहे. ढगात शिरण्यापूर्वीच्या काही मिनिटांत काय ठरले, आणि ते तसेच ठरावे अशी परिस्थिती कशी तयार झाली, तिथे कारण शोधायला हवे. हा धागा त्यासाठी काढतो आहे.

प्रथम भूगोल. हेलिकॉप्टर कोइम्बतूरजवळच्या सुलूर तळावरून ११ वाजून ४८ मिनिटांनी निघाले, सव्वाबाराला ते कुन्नूरशेजारच्या वेलिंग्टनला उतरणार होते आणि १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास सुलूरच्या नियंत्रण कक्षाशी त्याचा संपर्क तुटला. सुलूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३८० मीटरवर आहे आणि कुन्नूर-वेलिंग्टनचा परिसर सुमारे १८५० मीटरवर. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळात, निलगिरीच्या पूर्व उतारावरून, जवळजवळ दीड किलोमीटर उंची गाठायची होती. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तामिळनाडूतील परतीच्या मोसमी पावसाचा काळ असतो. पूर्वेकडून येणारी दमट हवा डोंगराला अडून वर चढते, दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते आणि एका ठरावीक उंचीवर तिचा ढग होतो. खाली मैदानात स्वच्छ ऊन असताना वर दरीच्या तोंडाशी पडदा ओढलेला असतो. कसाऱ्याहून इगतपुरीला जुलै महिन्यात चढून आलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता थोडे गणित. हे आकडे कोणत्याही हेलिकॉप्टरला लागू आहेत. कुन्नूरच्या हेलिकॉप्टरचा त्या क्षणीचा वेग म्हणून ते वाचू नयेत. ताशी २२० किलोमीटर वेगाने जाणारे हेलिकॉप्टर सेकंदाला ६१ मीटर अंतर कापते. समोर ५०० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर जे दिसले त्यावर विचार करून कृती करायला आठ सेकंद मिळतात. त्या वेगात ३० अंश कलून वळायचे म्हटले तर वळणाची त्रिज्या सुमारे ६६० मीटर होते, म्हणजे पूर्ण मागे फिरायला सव्वा किलोमीटरहून अधिक रुंद मोकळी जागा लागते. वेग निम्मा केला की त्रिज्या चौथ्या हिश्श्यावर, १६५ मीटरवर येते. त्यामुळे दरीत धूसर दिसू लागताच वेग कमी करणे ही परत फिरण्याची पहिली पायरी आहे, आणि ती वेळेत घेतली नाही तर परतीचा रस्ता वैमानिकाच्या नकळत बंद झालेला असतो.

वर जाण्याचा पर्यायही वाटतो तितका सोपा नाही. निलगिरीतील सर्वांत उंच शिखर दोड्डबेट्टा २६३७ मीटर आहे. डोंगराळ मुलुखात उपकरणांच्या भरवशावर उडताना शिखराच्या वर साधारण ६०० मीटर अंतर राखले जाते, म्हणजे ढगात सुरक्षित राहायला ३२०० मीटरच्या वर चढले पाहिजे. तिथे पोहोचल्यावर पुन्हा प्रश्न उरतोच. विमानतळावर ढगातून खाली उतरण्यासाठी आखून दिलेली पद्धत असते. डोंगरातल्या हेलिपॅडवर ती सहसा नसते. वर चढणे याचा अर्थ तेथे उतरणे रद्द करून सुलूर किंवा कोइम्बतूरला परत जाणे, असाच होतो.

आपल्या नाशिकला गांधीनगरच्या धावपट्टीवर २००३ पासून कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, ओझरला वायुदलाचा तळ आहे आणि देवळालीत तोफखाना. या क्षेत्रात काम केलेले अनेक जण आपल्यात आहेत. त्यांनी गोपनीय काही न सांगता, जे जाहीर आहे आणि जे सर्वसाधारण ज्ञान आहे त्यावर लिहावे, अशी विनंती.

कादवाकाठ

उपनगरकर, लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका. आमच्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत धुके पडते तेव्हा ते पहाटे दाटते आणि नऊ-दहापर्यंत ऊन चढले की विरते. डावणी रोगाच्या भीतीने आम्ही द्राक्षवाले त्या धुक्याकडे डोळे लावून बसलेलो असतो, त्यामुळे त्याचे वेळापत्रक तोंडपाठ आहे. हा अपघात तर दुपारी बाराच्या सुमारास झाला. तेव्हापर्यंत धुके राहिले कसे, आणि राहणार होते तर निघण्यापूर्वी ते कोणाला कळले कसे नाही?

उपनगरकर

कादवाकाठ, निफाडचे धुके जमिनीवर तयार होते. रात्री जमीन उष्णता गमावते, तिला लागून असलेली ओलसर हवा थंड होते आणि सूर्य वर आला की तेच चक्र उलटे फिरते. डोंगरातला ढग वाऱ्यावर अवलंबून असतो. दमट वारा उताराला भिडत आहे तोपर्यंत दुपारचे बारा असोत की चार, ढग तयार होतच राहणार. उलट ऊन तापले की दरीतून वर जाणारा वारा वाढतो आणि काही वेळा ढग दुपारी अधिक दाटतो. दुसरे म्हणजे तो एका जागी स्थिर नसतो. दहा मिनिटांपूर्वी वेलिंग्टनहून स्वच्छ दिसत असल्याचा निरोप आला असेल, तरी मधल्या दरीत काय आहे हे त्यावरून कळत नाही. निघण्याच्या ठिकाणचे हवामान कळते, उतरण्याच्या ठिकाणचे कळते, आणि हेलिकॉप्टर कोसळते ते या दोहोंच्या मधे. त्या दिवशी रेल्वेमार्गावर उभ्या असलेल्या पर्यटकांनी केलेले चित्रीकरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. हेलिकॉप्टर ढगात दिसेनासे होते आणि काही क्षणांनी आवाज येतो.

कर्णवैद्य

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, उड्डाणाशी माझा संबंध प्रवाशापुरता. तरीही स्थितिभान हरपणे म्हणजे घाबरून जाणे किंवा गोंधळून जाणे, असा समज अनेकांच्या लिहिण्यात दिसतो, म्हणून लिहितो.

आपल्या प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो आणि डोके वळले की तो मागे राहतो. त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. मात्र वळणे एकाच गतीने चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि कान सांगतो की आपण स्थिर आहोत. तोल तपासण्यासाठी फिरती खुर्ची वापरतात. डोळे झाकलेला माणूस खुर्चीत बसतो, ज्या दिशेने फिरत आहोत असे वाटेल त्या दिशेला त्याने अंगठा दाखवायचा असतो. खुर्ची उजवीकडे फिरवली की अंगठा उजवीकडे जातो. थोड्या वेळाने, खुर्ची तशीच फिरत असताना, अंगठा हळूहळू सरळ वर येतो. मग खुर्ची थांबवली की तो झटकन डावीकडे वळतो, आणि माणूस शपथेवर सांगतो की त्याला आता उलट दिशेने फिरवले जात आहे. धडधाकट, तरुण, हुशार माणसांचेही असेच होते. किंबहुना असे होणे हे कान निरोगी असल्याचे लक्षण आहे.

दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू होणारे वळण कानाला जाणवतच नाही. हेलिकॉप्टर सेकंदाला दीड अंश या वेगाने कलत गेले तर वीस सेकंदांत ते ३० अंश कललेले असते आणि आत बसलेल्याला सारे सपाट वाटते. एरवी ही चूक डोळे दुरुस्त करतात, क्षितिज दिसते म्हणून. ढगात क्षितिज नाही, म्हणजे दुरुस्ती करणारा साक्षीदारच नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना विमानात ढगासारख्या परिस्थितीत घालून पाहिले होते. विसाच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. जानेवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर कोसळले तेव्हा वैमानिक नियंत्रण कक्षाला आपण वर चढत असल्याचे सांगत होता आणि प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या शरीराने त्याला जे सांगितले तेच तो सांगत होता.

सातपूरकर

शास्त्र ठीक आहे डॉक्टर, पण ते वीस जण शिकाऊ होते. इथे देशाच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याला घेऊन जाणारे अनुभवी वायुदल वैमानिक होते आणि हेलिकॉप्टरही जुनेपुराणे नव्हते. एमआय-१७ व्ही-५ ला हवामानाचे रडार आहे, स्वयंचलित नियंत्रण आहे. अशा वेळी ‘ढग आला आणि दिशा कळेना’ हे स्पष्टीकरण सामान्य माणसाने मुकाट्याने का स्वीकारावे? संपूर्ण चौकशी अहवाल आजही प्रसिद्ध झालेला नाही. एक निवेदन आणि एका तक्त्यातली एक ओळ, एवढ्यावर आपण सगळे गणित मांडतो आहोत. मी घातपात झाला असे म्हणत नाही. परंतु विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये.

त्रिरश्मी

सातपूरकरांच्या पहिल्या भागाशी असहमत, दुसऱ्या भागाशी मात्र पूर्ण सहमत आहे, आणि त्यासाठी एक जुने प्रकरण सांगणे भाग आहे.

२ जून १९९४ रोजी ब्रिटिश वायुदलाचे चिनूक हेलिकॉप्टर, क्रमांक झेडडी ५७६, स्कॉटलंडमधील मल ऑफ किंटायर या टेकाडावर धुक्यात आदळले आणि आतले २९ जण ठार झाले. त्यात उत्तर आयर्लंडमधील दहशतवादविरोधी गुप्तवार्ता यंत्रणेतले अनेक वरिष्ठ अधिकारी होते, म्हणजे प्रवाशांचे महत्त्व इथेही तितकेच मोठे. उत्तर आयर्लंडहून निघालेल्या त्या हेलिकॉप्टरवर ना संभाषण नोंदवणारे यंत्र होते ना उड्डाणाची माहिती नोंदवणारे. चौकशी मंडळाने वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नव्हता. परंतु अहवाल वर गेला आणि १९९५ मध्ये दोन वरिष्ठ एअर मार्शलांनी दोन्ही मृत वैमानिकांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. त्या वेळच्या नियमानुसार मृत वैमानिकाला तसे दोषी ठरवायचे तर तिळमात्रही शंका उरता कामा नये, अशी अट होती. शंका तर भरपूर होत्या. त्या नमुन्याच्या चिनूकमध्ये इंजिनाचे इंधन नियंत्रित करणारी नवी संगणकप्रणाली बसवलेली होती आणि खुद्द संरक्षण खात्याच्या चाचणी केंद्रातील तज्ज्ञांचे तिच्यावर गंभीर आक्षेप होते. कुटुंबीय झगडत राहिले, २००२ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने ठपका चुकीचा ठरवला तरी सरकार हलले नाही, आणि अखेर २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर ठपका रद्द झाला. सतरा वर्षे गेली.

यातून चिनूक यंत्रदोषाने पडले असे सिद्ध झाले का? नाही. ते का पडले हे कधीच निश्चितपणे सिद्ध होणार नाही. सिद्ध झाले ते एवढेच की जो बोलू शकत नाही त्याच्या नावावर कारण लिहून फाईल मिटणे फार सोयीचे असते. कुन्नूरच्या बाबतीत सुदैवाने दोन्ही नोंदयंत्रे मिळाली होती आणि तपासली गेली होती, त्यामुळे निष्कर्षाला आधार अधिक भक्कम आहे. म्हणूनच तो आधार लोकांपुढे मांडण्यात, संवेदनशील भाग वगळून का होईना, अडचण नसावी. नागरी अपघातांचे तपास अहवाल आपल्याकडे प्रसिद्ध होतातच.

देवळालीचा गनर

तोफखान्यातून निवृत्त झालो. आर्मी एव्हिएशन ही आमच्याच एअर ओपीची, म्हणजे तोफांच्या माऱ्याचे हवेतून निरीक्षण करणाऱ्या तुकड्यांची, पुढची पिढी. १९८६ मध्ये तिचे स्वतंत्र दल झाले. मी वैमानिक नव्हतो, पण वैमानिकांसोबत मागच्या सीटवर डोंगरात बराच उडालो आहे. म्हणून दोन-तीन गोष्टी.

पहिली गोष्ट यंत्राची. सातपूरकर, एमआय-१७ आधुनिक आहे हे खरे; पण सेनेचे डोंगरातले रोजचे काम अजून चीता आणि चेतक करतात. चीता ज्यावरून आला ते फ्रेंच लामा हेलिकॉप्टर १९६९ मध्ये प्रथम उडाले. विरळ हवेत त्याला तोड नाही, सियाचीनची कित्येक ठाणी त्याच्या जिवावर जगली, याबद्दल मी त्याला आजही सलाम करतो. परंतु त्यात स्वयंचलित नियंत्रण नाही, हवामानाचे रडार नाही. हेलिकॉप्टर ही मुळात अस्थिर वस्तू आहे. विमानाचा दांडा क्षणभर सोडला तर ते बहुधा सरळ जात राहते. हेलिकॉप्टर तसे जात नाही. उजव्या हातात सायक्लिक (कल देणारा दांडा), डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा), पायांखाली पेडल (नाक वळवणारे), आणि एक हलवले की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. चीतामध्ये ढगात शिरलेल्या वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात आणि डोळ्यांनी तबकड्यांवरून सतत फिरत राहायचे असते : कृत्रिम क्षितिज, वेग, उंची, दिशा, पुन्हा कृत्रिम क्षितिज. अशा वेळी नकाशा बघायला किंवा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान खाली घातली की डॉक्टरांनी सांगितलेला खेळ कानात सुरू होतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये पटनीटॉपजवळ आणि १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचलात बोमडिलाच्या पश्चिमेला मंडालाजवळ चीता कोसळले. दोन्ही वेळा दोन-दोन अधिकारी गेले आणि दोन्ही ठिकाणी दाट धुके होते. कुन्नूरची बातमी महिनोन्महिने चालली, ही दोन दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर गेली.

दुसरी गोष्ट निर्णयाची. हवामान वाईट असेल तर उड्डाण नाकारण्याचा अधिकार वैमानिकाला कागदावर पूर्ण आहे. प्रत्यक्षात त्याला कोणीही ‘चलाच’ म्हणत नाही. कोणी काही म्हणण्याची गरजच नसते. पलीकडे मंडप सजलेला असतो, मानवंदनेची तुकडी उभी असते, मागे बसलेल्या माणसाचा दिवस मिनिटामिनिटाने आखलेला असतो. त्यातून जो विचार तयार होतो तो ‘जाऊच’ असा नसतो, ‘जरा पुढे जाऊन बघू’ असा असतो. पहिल्या वळणापर्यंत दिसते, मग दुसऱ्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी निर्णय छोटा आणि वाजवी वाटतो. कुन्नूरला हेच घडले असे मी म्हणणार नाही, मी तिथे नव्हतो. पण सर्व डोंगरी उड्डाणांत हा मोह असतो, हे मागच्या सीटवरून पाहिलेले आहे. एकदा आमचा वैमानिक खिंडीच्या तोंडावरून काहीही न बोलता परत फिरला. खाली उतरल्यावर आमच्या एका वरिष्ठांनी नाराजी दाखवली, तर तो इतकेच म्हणाला, ‘साहेब, उद्या परत विचारा.’

तिसरी गोष्ट वैमानिकांच्या दर्जाची. ढगात उपकरणांवर उडण्याच्या क्षमतेनुसार वायुदलात वैमानिकांना श्रेणी असतात, त्यात सर्वांत वरची मास्टर ग्रीन. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांवर मास्टर ग्रीन आणि इतर श्रेणींचे मिश्र वैमानिकदल असावे, म्हणजे गरज पडल्यास जमिनीवरील केंद्राची मदत मागितली जाईल, अशी शिफारस चौकशीत झाल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. वाचायला विचित्र वाटते, पण त्यात मर्म आहे. सगळेच उस्ताद एकत्र बसले की ‘मदत मागा’ म्हणणारा कोणी उरत नाही.

ब्रह्मगिरी

गनरसाहेब, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड म्हणून इराणचे उदाहरण पाहावे. १९ मे २०२४ रोजी इराणचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी यांना नेणारे बेल २१२ हेलिकॉप्टर पूर्व अझरबैजान प्रांतातील डोंगरात धुक्यात कोसळले आणि आठही जण मरण पावले. ताफ्यात तीन हेलिकॉप्टरे होती. सुखरूप पोहोचलेल्या एका हेलिकॉप्टरमध्ये असलेल्या अध्यक्षीय कार्यालयाच्या प्रमुखाने नंतर सांगितले की पुढे ढग दिसताच ढगाच्या वर चढण्याची सूचना दिली गेली. दोन हेलिकॉप्टरे वर आली, रईसींचे, मधले, आलेच नाही. इराणच्या सैन्यदलांच्या अंतिम अहवालाने अचानक वर उठलेल्या दाट धुक्यावर कारण ठेवले. तोच मार्ग, तोच क्षण, तोच ढग असताना दोन सुखरूप गेली आणि एक गेले नाही, म्हणजे ढग हे कारण पुरे पडत नाही.

सातपूरकर

मग तुम्हीच वैमानिकाकडे बोट दाखवता आहात.

ब्रह्मगिरी

नाही. तीनपैकी एक जाणार हे ज्या उड्डाणात शक्य असते त्या उड्डाणाच्या आखणीकडे बोट दाखवतो आहे.

गोदावासी

सर्वच चर्चा धुक्याभोवती फिरते आहे म्हणून एक आठवण करून देतो. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले, तिथे धुके नव्हते. पंख्याच्या पात्यांचा कल नियंत्रित करणाऱ्या स्वॉशप्लेट या भागाला तडा गेल्याचे आढळले आणि ध्रुवचा सगळा ताफा कित्येक महिने जमिनीवर ठेवावा लागला. हवामान खराब असले की आपण यंत्राची चौकशी सैल करतो आणि हवामान चांगले असले की माणसाची, असे होऊ नये. एवढेच.

कादवाकाठ

गोदावासींचा मुद्दा रास्त आहे. मला अजून एक कळले नाही. डोंगर जवळ आला की इशारा देणारी यंत्रे विमानांत असतात असे वाचले होते. ती हेलिकॉप्टरात का कामाला येत नाहीत? आणि रात्रीच्या अंधारात पाहणारे चष्मे धुक्यात चालत नाहीत का?

उपनगरकर

चष्म्यांचे उत्तर सोपे आहे : ते अंधुक प्रकाश हजारो पटींनी वाढवतात, ढगातले पाण्याचे थेंब मात्र तो प्रकाश विखरून टाकतात, म्हणून दाट ढगात चष्म्याने फक्त अधिक उजळ पांढरेपण दिसते. इशारायंत्राची अडचण वेगळी आहे. साठवलेला भूनकाशा आणि उपग्रहावरून कळणारे स्थान यांची तुलना करून ते बोलते. विमान बहुतेक वेळ डोंगरांच्या बरेच वर असते, म्हणून त्याच्यासाठी इशारा ही दुर्मीळ घटना असते. हेलिकॉप्टरचे कामच दरीत, उताराला लागून असते. तिथे यंत्र सारखेच ओरडत राहते आणि वैमानिक त्याचा आवाज बंद करतो. हेलिकॉप्टरसाठी वेगळ्या आखणीची यंत्रे आता आहेत, ती कमी ओरडतात; तरी इशारा मिळाल्यानंतर वळायला जागा आणि वेळ लागतो हे माझ्या पहिल्या गणितातून सुटत नाही.

आता सातपूरकर आणि ब्रह्मगिरी यांच्या वादाविषयी. जानेवारी २०२२ चे निवेदन निष्काळजीपणा नाकारते आणि २०२४ चा तक्ता मानवी चूक लिहितो, यात अनेकांना विसंगती दिसते. मला ती तशी वाटत नाही. नियम मोडून, धोका ठाऊक असूनही बेफिकिरीने वागणे वेगळे, आणि चांगल्या माणसाने आठ सेकंदांत अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय चुकणे वेगळे. माझी तक्रार तक्त्याच्या रकान्यांविषयी आहे. हवाई कर्मचाऱ्यांची चूक असे लिहिण्याची सोय त्यात आहे. उड्डाण कोणी आखले, पर्यायी गाडीमार्ग तयार ठेवला होता का, मधल्या दरीचे हवामान कळण्याची कोणती व्यवस्था होती आणि परत फिरण्याची किमान दृश्यमानता आधी ठरवून दिली होती का, हे लिहायला रकाना नाही.

देवळालीचा गनर

उपनगरकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल एक दुरुस्ती. किमान मर्यादा ठरलेल्या असतात, त्या नसतात असा समज होऊ नये. अडचण मोजण्याची आहे. विमानतळावर दृश्यमानता मोजायला उपकरण असते. दरीत ती वैमानिकाच्या नजरेने मोजली जाते, आणि पुढची कडा ‘दिसते आहे’ की ‘आत्ता दिसत होती’ यातला फरक चालत्या हेलिकॉप्टरातून ठरवणे सोपे नाही. म्हणून काही ठिकाणी मर्यादा वेगावर बांधतात : हवामानामुळे ठरलेल्या वेगाच्या खाली यावे लागले, की दिसत असो वा नसो, परत फिरायचे. वेग तबकडीवर दिसतो, त्यावर वाद घालता येत नाही.

कर्णवैद्य

हा नियम वैद्यकीयदृष्ट्याही पटतो, कारण तो शरीराच्या साक्षीवर अवलंबून नाही. आता एक नागरिक म्हणून विचारतो : डोंगरी हेलिपॅडवर ढगातून उतरण्याची पद्धत नाही, असे उपनगरकरांनी लिहिले. ती आखता येतच नाही, की आखलेली नाही?

उपनगरकर

आखता येते, डॉक्टर. उपग्रहाच्या साहाय्याने हवेतील एका बिंदूपर्यंत उपकरणांवर यायचे आणि तिथे हेलिपॅड दिसले तर उतरायचे, न दिसले तर ठरलेल्या मार्गाने वर निघून जायचे, अशी पद्धत इतर देशांत रुग्णवाहिका हेलिकॉप्टरे वापरतात. आपल्याकडे गगन ही उपग्रहप्रणाली आहे आणि तिच्या आधारे हेलिकॉप्टरचे असे पहिले प्रात्यक्षिक जून २०२३ मध्ये जुहू ते पुणे या मार्गावर झाले, म्हणजे आपल्याच सह्याद्रीवरून. त्याच पुण्यात २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी बावधनजवळ जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर धुक्यात कोसळून तिघे गेले, हेही खरे. एका प्रात्यक्षिकाने मार्ग तयार होत नाही. प्रत्येक हेलिपॅडसाठी अडथळ्यांची मोजणी, मार्गाची आखणी, हेलिकॉप्टरात योग्य उपकरणे आणि वैमानिकांचा सराव, हे सगळे लागते.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे हवामानाचे कॅमेरे. अलास्कात खिंडीखिंडीत असे कॅमेरे बसवलेले आहेत. निघण्यापूर्वी वैमानिक दर काही मिनिटांनी येणारे ताजे चित्र पाहतो आणि शेजारी स्वच्छ दिवसाचे चित्र ठेवलेले असते, त्यामुळे कोणती कडा दिसत नाही हे लगेच कळते. कादवाकाठ यांनी विचारले होते की मधल्या दरीतले कोणाला कळले कसे नाही, त्याचे उत्तर असा कॅमेरा देऊ शकतो. मेट्टुपालयमहून कुन्नूरला जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही त्याच दरीतून चढतात; तिथे खांब आहेत, वीज आहे, मोबाइलचे जाळे आहे.

सातपूरकर

हे मात्र मान्य. याची माहिती अधिकारात विचारणा करता येईल का? अपघाताच्या अहवालाची नाही, ती नाकारतील. अतिमहत्त्वाच्या उड्डाणांच्या नेहमीच्या डोंगरी मार्गांवर हवामानाचे कॅमेरे किंवा स्वयंचलित केंद्रे बसवली आहेत का, एवढीच.

त्रिरश्मी

करता येईल. संरक्षण खात्याकडे गेलात तर सुरक्षेचे कारण देऊन उत्तर टाळतील. हवामान विभागाकडे स्वयंचलित केंद्रांची जागावार यादी मागा. ती देण्यात त्यांना अडचण असू नये. मसुदा तुम्ही लिहा, मी तपासून देतो.